इजारा

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कोठेही नाही. पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्यांनी वेढलेला हा काळ्या मातीचा आणि सागवानी डोंगरांचा मुलूख किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर आहे. तरीही प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांवर परक्या सत्तांनी वारंवार हक्क का सांगितला, या प्रश्नाचा विचार करू लागले की प्रथम आठवतो तो हाच मुलूख. कारण बेट म्हणजे केवळ पाण्याने वेढलेली भूमी नव्हे. दूरच्या कोणाच्या तरी गरजेने वेढलेली भूमीही एक प्रकारचे बेटच होय.

बेटांविषयीच्या प्रश्नाची नेहमीची उत्तरे शाळकरी पुस्तकांतही सापडतात. वाफेच्या जहाजांना कोळसा भरण्यासाठी वाटेत बंदर हवे होते, म्हणून हवाई व सामोआ. समुद्राखालून तारायंत्राची दोरी न्यायची होती, म्हणून फॅनिंगसारखे एकाकी बेट. पक्ष्यांच्या विष्ठेचे खत युरोप-अमेरिकेच्या थकलेल्या शेतांना हवे होते, म्हणून १८५६ साली अमेरिकेने एक कायदाच केला: कोणाच्याही ताब्यात नसलेल्या बेटावर असे खत आढळले, तर अमेरिकन नागरिकाने त्यावर हक्क सांगावा, सरकार पाठीशी उभे राहील. पुढे फॉस्फेट आले, मग विमानतळ, मग अणुस्फोटांची चाचणी. आणि पुष्कळदा तर स्वतःला काहीच नको असे, शेजाऱ्याला मिळू नये एवढेच हवे असे. १८८६ साली इंग्लंड व जर्मनी यांनी पश्चिम प्रशांत महासागरावर कागदोपत्री एक रेघ ओढून हा तुझा भाग, हा माझा, अशी वाटणी केली, तेव्हा त्या रेघेखाली राहणाऱ्या किती माणसांना तिची वार्ता होती?

ही सर्व उत्तरे खरी आहेत. परंतु ती फक्त उपयोग सांगतात. ज्या भूमीवर माणसे राहतात, प्रार्थना करतात, आपले मृत पुरतात, ती भूमी दुसऱ्या कोणाच्या उपयोगासाठी घेणे कोणत्या अटीवर न्याय्य ठरू शकते, हा प्रश्न त्या उत्तरांनी सुटत नाही. त्याचे उत्तर शोधायला मी वऱ्हाडातच थांबतो, कारण येथील कागद अधिक बोलके आहेत.

'हैदराबाद कंटिंजंट' नावाची एक फौज होती. नाव निझामाचे, खर्च निझामाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. खर्च थकत गेला, कर्ज चढत गेले, आणि मे १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या दडपणाखाली निझाम नासिरुद्दौला याने तहावर सही केली. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६० च्या तहाने सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर परत मिळाले, धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. ते निझामाच्या वतीने 'विश्वस्त' म्हणून सांभाळावयाचे ठरले.

तीनांपैकी हाच एक प्रांत का राहिला? केवळ कापसासाठी, असे म्हणणे फार सोपे होईल. फौजेच्या खर्चाला पुरेल एवढा वसूल येथून मिळत होता, हेही कारण होतेच. परंतु कापूस दृष्टीआड करता येत नाही. हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८४८ साली जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. लँकेशायरच्या गिरण्यांना एकट्या अमेरिकेवर विसंबून राहणे धोक्याचे वाटत होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि ती भीती खरी ठरली. मग वऱ्हाडच्या काळ्या मातीचे भाग्य फळफळले म्हणावे, की फिरले म्हणावे? १८६४ साली या भागाचा वेगळा जिल्हा झाला, त्याला पुढे वणी जिल्हा म्हणू लागले. यवतमाळ हे नाव १९०५ चे. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी खास कापूस-आयुक्त नेमला गेला. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, जिला पुढे सर्वजण प्रेमाने शकुंतला म्हणू लागले. ती येथला कापूस मुख्य मार्गापर्यंत नेत असे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण या मार्गाची मालकी दशकानुदशके जुन्या खासगी कंपनीकडेच राहिली. ती गाडी आता थांबली आहे.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निझामाच्या अमलातील वऱ्हाड काही रामराज्य नव्हते. महसूल वसुलीचे मक्ते दिले जात, सावकारांकडे तालुकेच्या तालुके गहाण पडत, मक्तेदार बदलला की कुणब्याच्या उरावर नवा माणूस बसे. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, धारा ठरवून दिला, कोर्टे उघडली, दवाखाने व शाळा काढल्या. अमेरिकन युद्धाच्या चार वर्षांत कापसाचा भाव असा चढला, की त्या पैशाच्या गोष्टी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. हे सारे खरे आहे. पण त्याचबरोबर ज्वारीच्या रानात कापूस शिरला, धान्य साठवून ठेवण्याची जमिनीतील पेवे रिकामी होत गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे अन्नाला मोताद झाली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. लोहमार्ग तेव्हा होता. तो मुळात कशासाठी बांधला होता, हा प्रश्न मात्र उरतो.

दुष्काळ सरला न सरला तोच, नोव्हेंबर १९०२ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने निझाम मीर महबूब अली खान याच्याशी करार केला. वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या इजाऱ्याने इंग्रज सरकारकडे आले. निझामाचे सार्वभौमत्व कागदावर शाबूत राहिले. त्याला जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार' असा लावला. विनोद चांगला आहे. पण त्या विनोदातही देणारा निझाम आहे आणि घेणारा कर्झन. ज्यांच्या पायाखालची जमीन दिली-घेतली गेली ते त्यात कोठेच नाहीत.

'इजारा' हा शब्द आमच्या जिल्ह्याला चांगला परिचित आहे. पडीक जमिनी लागवडीस आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकात येथे गावेच्या गावे इजाऱ्याने दिली गेली, आणि कित्येक गावांच्या नावापुढे आजही तो शब्द चिकटून राहिला आहे. इजाऱ्याची युक्ती अशी, की घेणाऱ्याला मालक म्हणवून घ्यावे लागत नाही आणि देणाऱ्याला आपण गमावले असे वाटत नाही. वसई-मुंबईच्या वाचकांना ती नवी नाही. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारात १६६१ साली मुंबई आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला मिळाली, आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

आता प्रशांत महासागराकडे वळू. विषुववृत्ताजवळ बनाबा नावाचे बेट आहे, क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस किलोमीटर. आमच्याकडील एखाद्या मोठ्या गावाचे शिवार त्याहून मोठे भरेल. १९०० साली, म्हणजे वऱ्हाडच्या इजाऱ्याच्या दोनच वर्षे आधी, अल्बर्ट एलिस नावाचा एका कंपनीचा माणूस तेथे उतरला. बेटाचा खडक उत्तम प्रतीचे फॉस्फेट आहे हे त्याने ओळखले होते. त्याने बेटावरील एका मुखियाला राजा मानून त्याच्याकडून कागदावर खूण करून घेतली: ९९९ वर्षे खणण्याचा हक्क, मोबदला वर्षाला ५० पौंड, किंवा तेवढ्या किमतीचा माल. संपूर्ण बेटाच्या वतीने असे काही देण्याचा अधिकार त्या मुखियाला नव्हता, कारण तेथील जमीन कुटुंबाकुटुंबांची होती. पुढच्या वर्षी ब्रिटिश झेंडा आला. खडक जहाजांत भरून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांवर पसरला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तेथील लोकांना देशोधडीला लावले, आणि युद्ध संपल्यावर त्यांना घरी नेण्याऐवजी, डिसेंबर १९४५ मध्ये, सुमारे दोन हजार किलोमीटर दूरच्या फिजीतील राबी बेटावर तंबूंत उतरवण्यात आले. ते बेट त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून विकत घेतलेले होते.

बनाबाच्या लोकांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश मेगरी यांनी प्रत्यक्ष बेटावर जाऊन पाहणी केली. १९७६ साली त्यांनी दिलेल्या दीर्घ निकालातील एक मुद्दा मला वऱ्हाडच्या कागदांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश सरकार या लोकांचे विश्वस्त होते का? एका उच्च अर्थाने होते, पण न्यायालयाने अंमलात आणावा अशा अर्थाने नव्हते, असा त्याचा आशय. १८६० मध्ये वऱ्हाडला लावलेला शब्द आणि हा शब्द एकच आहे. ज्याला कोणी हिशेब विचारू शकत नाही, त्याने स्वतःला विश्वस्त म्हणवून घेणे किती सोपे! १९२३ साली निझाम मीर उस्मान अली खान याने वऱ्हाड परत मागितले, तेथील लोकांना स्वायत्तताही देऊ केली; १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने उत्तर दिले, की सार्वभौम सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा अधिकार निझामाला नाही. त्या विश्वासाचा हिशेब तिथेच मिटला.

संत थॉमस अक्वायनस यांनी सत्तेचे दोष दोन प्रकारचे सांगितले आहेत. सत्ता मिळवण्याच्या रीतीत दोष असू शकतो, किंवा ती वापरण्याच्या रीतीत. ज्याने बळाने सत्ता बळकावली तो खरा अधिकारी नव्हे. परंतु पुढे प्रजेची संमती मिळाली, किंवा वरिष्ठ सत्तेने मान्यता दिली, तर तो अधिकारी होऊ शकतो. हा भेद फार उपयोगाचा आहे. वऱ्हाडविषयीची बहुतेक वादावादी दुसऱ्या दोषाभोवती फिरते: कारभार चांगला होता की वाईट, रस्ते झाले की नाही. पहिला दोष त्याने झाकला जातो. दवाखाना बांधल्याने मालकीचा कागद खरा होत नाही. आणि त्या दोषावर अक्वायनस यांनी जे पहिले औषध सांगितले, ते म्हणजे प्रजेची संमती, ते ना १८५३ साली कोणाला आठवले, ना १९०२ साली.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडेही डोळेझाक करता येणार नाही. १४९३ साली पोप सहावे अलेक्झांडर यांच्या आज्ञापत्राने स्पेनला नव्याने सापडलेल्या भूमी बहाल केल्या गेल्या, आणि 'शोध लावला म्हणून मालकी' या विचाराला धर्माचा आधार मिळाल्यासारखे झाले. मात्र त्याला पहिले समर्थ उत्तरही आपल्यातूनच मिळाले. स्पेनमधील सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूंनी १५३९ साली आपल्या व्याख्यानांत प्रतिपादन केले, की अमेरिकेतील मूळ रहिवासी हेच आपल्या भूमीचे खरे स्वामी आहेत, आणि शोधाने आपल्याला जेवढा हक्क मिळतो, तेवढाच त्यांनी आपला शोध लावला असता तर त्यांना मिळाला असता! पुढची शतके मात्र व्हितोरियांपेक्षा आज्ञापत्राचेच ऐकून चालली. शोधाच्या त्या तथाकथित सिद्धांताचा व्हॅटिकनने स्पष्ट शब्दांत त्याग केला तो ३० मार्च २०२३ रोजी.

संमतीचेही एक ढोंग असते. फेब्रुवारी १९४६ मधील एका रविवारी मार्शल बेटांपैकी बिकिनी येथे लोक उपासना आटोपून बाहेर आले, तेव्हा अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने त्यांना एकत्र बसवले. मानवजातीच्या भल्यासाठी आणि युद्धे कायमची संपवण्यासाठी तुम्ही हे बेट तात्पुरते सोडाल का, असे त्याने विचारले. बायबलमधील इस्राएल लोकांचे उदाहरणही दिले. १६७ माणसे होती. त्यांचा मुखिया जुदा याने सर्व काही देवाच्या हाती सोपवून होकार दिला. चाचणीचा निर्णय त्याआधीच वॉशिंग्टनला झालेला होता. १९५८ पर्यंत तेथे २३ अणुचाचण्या झाल्या, आणि ते 'तात्पुरते' अजून संपलेले नाही. त्या प्रसंगातील सर्वांत क्लेशदायक गोष्ट मला स्फोटांची वाटत नाही. श्रद्धावंतांची श्रद्धाच त्यांना जागेवरून उठवण्यासाठी वापरली गेली, ही वाटते.

बायबलमधील नाबोथाचा द्राक्षमळा सर्वांना ठाऊक आहे. पण आपण प्रवचनात बहुधा ईजबेलच्या कारस्थानापाशी आणि एलियाच्या शापापाशी थांबतो. त्याआधीचा भाग घाईने वाचतो. अहाब राजाने आरंभी काही अन्याय केला असे दिसत नाही. त्याला राजवाड्यालगत भाजीचा मळा हवा होता. त्याने चांगली किंमत देऊ केली, नाही तर त्याहून चांगला दुसरा मळा देऊ केला. आजच्या भाषेत सांगायचे तर मोबदला आणि पुनर्वसन, दोन्ही. तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण तो मळा वडिलोपार्जित होता. राजाला भाजी दिसत होती आणि नाबोथाला पूर्वज दिसत होते; एकाच जमिनीत दोघे दोन वस्तू पाहत होते. नाउरू या अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या बेटाची कथा याहून फार वेगळी नाही. फॉस्फेट खणून खणून बेटाचा मधला भाग खडकाळ सुळक्यांचे उजाड रान झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने तेथील लोकांना आपल्या किनाऱ्याजवळचे कर्टिस बेट देऊ केले. नाउरूच्या लोकांनी १९६४ मध्ये ते नाकारले. तेथे ते ऑस्ट्रेलियन नागरिक झाले असते. नाउरूचे लोक म्हणून उरले नसते. ३१ जानेवारी १९६८ रोजी नाउरू स्वतंत्र झाले.

कथा येथे संपली असती तर बरे वाटले असते. परंतु स्वतंत्र नाउरूने खाण थांबवली नाही. आता ती स्वतःची होती एवढेच. काही वर्षे अमाप पैसा आला, तो उधळला गेला, खडक संपत आला, आणि २००१ पासून ऑस्ट्रेलियाला नको असलेल्या निर्वासितांना ठेवून घेण्याचे भाडे हे त्या देशाच्या उत्पन्नाचे एक साधन झाले. परका गेला, पण त्याची नजर मागे राहिली. आपल्या भूमीकडे तिच्या बाजारभावानेच पाहण्याची सवय झाली, की ती सोडवणे परक्याला घालवण्याहून कठीण असते. आमच्या जिल्ह्यातही कापूस इंग्रजांबरोबर गेला नाही. पीक तेच राहिले, बाजार दूरचाच राहिला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यवतमाळचे नाव देशभर ज्या कारणाने घेतले जाऊ लागले, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे कारण येथे उलगडून सांगण्याची गरज नाही.

मग परका कोणाला म्हणावे? केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांतील कोलामांच्या पोडावर उभे राहून पाहिले, तर उत्तर तितकेसे सोपे राहत नाही. त्यांच्या रानात इंग्रजांचे जंगलखाते आले, तसे आमचेही आले; सावकार तर मराठीच बोलत होता. १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा लढा एवढ्याच गोष्टीसाठी होता, की रानाचा पहिला हक्क रानाशेजारी राहणाऱ्याचा. इंग्रज गेल्यावरही ते प्रश्न संपले नाहीत. वणीच्या कोळशासाठी खुल्या खाणी निघाल्या आणि गावे उठली. कोळसा देशाला हवा होता, यात शंका नाही. लँकेशायरलाही कापूस खरोखरच हवा होता.

प्रशांत महासागरात आज वारे पुन्हा फिरले आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर बेटांचा हक्क मान्य झाला, आणि सुमारे ८०० चौरस किलोमीटर जमिनीचा किरिबाती हा देश ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्राचा धनी ठरला. त्याच देशात बनाबा मोडते. २०१९ मध्ये सॉलोमन बेटे व किरिबाती यांनी तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले. २०२२ मध्ये सॉलोमन बेटांनी चीनबरोबर सुरक्षा करार केला, आणि अमेरिका व ऑस्ट्रेलियाचे मंत्री लगबगीने त्या दिशेला धावले. फरक एवढा, की या वेळी बेटांवरची माणसे स्वतः मेजावर बसली आहेत, भाव करत आहेत, प्रसंगी दोघांनाही ताटकळत ठेवत आहेत. त्यांचे सगळेच निर्णय शहाणपणाचे असतील असे नाही. ते त्यांचे आहेत.

आमच्याकडे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा ग्रामसभेचा कायदा, ज्याला पेसा म्हणतात, १९९६ साली झाला, आणि वनहक्क कायदा २००६ साली. यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी गावांचा काही भाग त्या अनुसूचित क्षेत्रात येतो. जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी, असे पेसा सांगतो. शब्द सल्लामसलत असाच आहे, संमती नव्हे. अहाबानेही नाबोथाशी सल्लामसलत केलीच होती. तरीही १९०२ च्या कराराच्या मानाने हे पुष्कळ पुढचे पाऊल आहे. त्या वर्षी हैदराबाद आणि कलकत्ता यांच्यामध्ये जो काही पत्रव्यवहार झाला, त्यात वणी, पुसद किंवा यवतमाळच्या एकाही माणसाची सही नाही. पोडावरच्या ग्रामसभेत आज निदान ठरावाच्या वहीत नावे लिहिली जातात, त्यांच्यापुढे अंगठे उठतात, आणि कधी कधी ठराव नामंजूरही होतो.